हाजीसाहेबांची पट्टी

२३ एप्रिल २०२५ ची सकाळ. आमच्या केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : ‘आजपासून काश्मीरला एक फणीसुद्धा जाणार नाही. ज्याची गाडी भरेल त्याचं नाव चौकातल्या फळ्यावर लिहू.’ बघता बघता खाली चाळीसेक अंगठे उमटले. आदल्या दिवशी पहलगामच्या बैसरणमध्ये २६ माणसं मारली होती, धर्म विचारून मारली होती. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची. डोंबिवली, पनवेल, पुणे इथल्या घरांतलं रडणं टीव्हीवर दिसत होतं आणि आमच्या ओसरीवर कोणी चहाच्या कपाला हात लावत नव्हतं.

माझाही अंगठा त्या मेसेजवर गेला होता. पण दाबवला नाही. आमच्या पेढीची एक गाडी त्या घडीला पठाणकोटच्या पुढे गेलेली होती आणि ती ज्याच्या नावाने निघाली होती, त्या माणसाला मी तेरा वर्षं ओळखतो.

दुपारी शेजारचा मुलगा घरी आला. म्हणाला, ‘‘आप्पा, तुम्ही काहीच बोलले नाही ग्रुपवर.’’ मी म्हटलं, सांगतो. त्या दिवशी सांगता आलं नाही. ते आता इथे लिहून काढतो आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा. एका केळीच्या पेढीवर एकतीस वर्षं दिवाणजी आहे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माल निघतो तेव्हा सोबत बिल्टी, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती, जाते आणि माल विकला की तिकडून पट्टी येते. किती कॅरेट उतरले, किती काळे पडले, कोणत्या भावाने गेले, आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडतियाचं कमिशन, किती, हमाली किती, शेवटी हातात काय राहिलं, हे सगळं पट्टीत असतं. सावद्याहून श्रीनगर दोन हजार किलोमीटरच्या आसपास. तिथे माल कसा उतरला हे बघायला शेतकरी जात नाही की व्यापारी जात नाही. अडतिया लिहील ते खरं. चांगला उतरलेला माल काळा दाखवून पैसे खाणारे अडतिये मी पाहिले आहेत, आणि ते सगळ्या जातीधर्मांत पाहिले आहेत. म्हणून आमच्या धंद्यात माणूस ओळखायचा तो पट्टीवरून.

हाजीसाहेब श्रीनगरच्या परिमपोरा फळमंडीतले अडतिये. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. त्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, तिकडूनही आणि इकडूनही.

२०१२ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तिकडे गेलो. तिथल्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याकडे आमचे पैसे अडकले होते, ते काढायला मालकांनी मला धाडलं. भुसावळहून झेलम एक्स्प्रेस धरली. आमच्या फलाटावर ही गाडी रोज येते. लहानपणी मला वाटायचं, झेलम हे कोण्या राणीचं नाव असेल. ती नदी आहे, श्रीनगरच्या मधून वाहते आणि पुढे बारामुल्ला, उरीवरून पाकिस्तानच्या ताब्यातल्या मुलखात जाते, हे मला शाळेच्या भूगोलात कळलं आणि डोळ्यांनी कळलं ते पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर. जम्मूहून पुढे सुमो. रामबनला दरड पडलेली, आठ तास रस्त्यात. आमच्या पुढेमागे केळीच्या, कांद्याच्या, गॅसच्या गाड्या उभ्या. एका ट्रकच्या ताडपत्रीतून केळीचा पाला बाहेर लोंबत होता, आणि तो पाला पाहून मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. आपल्या तापीकाठचा पाला, आणि समोर बर्फाचे डोंगर.

ज्याच्याकडे पैसे होते तो गाळा बंद करून बसला होता. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने मला आत बोलावलं, मिठाचा गुलाबी चहा दिला आणि तीन दिवस माझ्यासोबत फिरून निम्मे पैसे काढून दिले. ते हाजीसाहेब. तेव्हापासून आमचा माल त्यांच्याकडे जातो.

त्या तीन दिवसांत मी त्यांच्या गाळ्यावर बराच वेळ बसलो. मागे फळीवर जुन्या वह्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. वही दिसली की माझा हात जातोच. मजकूर उर्दूत, तो मला वाचता येत नाही. आकडे मात्र इंग्रजी होते. अक्षर इतकं सुरेख, ओळीत, एक खाडाखोड नाही. मी पानं उलटत गेलो आणि १९९० च्या जानेवारीत एका पानावर अक्षर बदललं. पुढचं सगळं वेडंवाकडं, बेरजा खोडून पुन्हा केलेल्या.

मी विचारलं, इथून पुढे कोणी लिहिलं?

हाजीसाहेब जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘मैंने. उससे पहले मुंशीजी लिखते थे.’’ मुन्शीजी काश्मिरी पंडित होते. सत्तावीस वर्षं त्यांनी या घराच्या वह्या लिहिल्या होत्या. १९८९ च्या सप्टेंबरात पंडितांचे पुढारी टिकालाल टपलूंना मारलं. नोव्हेंबरात नीलकंठ गंजू या निवृत्त न्यायाधीशांना भर बाजारात गोळ्या घातल्या. मकबूल भट या फुटीर पुढाऱ्याला त्यांनी फाशीची शिक्षा सुनावली होती म्हणून. १९ जानेवारी १९९० च्या रात्री भोंग्यांवरून पंडितांविरुद्ध घोषणा झाल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मुन्शीजी यायचे बंद झाले. घराला कुलूप. पुढे ते जम्मूच्या छावणीत आहेत असं कळलं. हाजीसाहेबांचं पुढचं वाक्य मी विसरलो नाही : ‘‘आम्ही त्यांना थांबवलं नाही. थांबवायची हिंमत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.’’

एखादा असता तर म्हणाला असता, आमचा काय दोष. त्यांनी तसं म्हटलं नाही. मी सुन्न होऊन बसलो. सत्तावीस वर्षं एका पेढीवर लिहिणारा माणूस. मीही तोच आहे.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या भावाचं सांगितलं. आधी १९८७ ची निवडणूक. हाजीसाहेब तेव्हा बावीस वर्षांचे, पहिलं मत. नॅशनल कॉन्फरन्स आणि काँग्रेस एकत्र होते, समोर मुस्लीम युनायटेड फ्रंट. श्रीनगरच्या अमीराकदल मतदारसंघातून फ्रंटचा मोहम्मद युसूफ शाह उभा होता. मोजणीत तो पुढे आहे असं लोकांना दिसत होतं आणि जाहीर मात्र दुसराच विजयी झाला. युसूफ शाह तुरुंगात गेला. तोच माणूस पुढे सय्यद सलाहुद्दीन नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. त्याचा पोलिंग एजंट होता यासीन मलिक, तो जेकेएलएफ या दुसऱ्या बंदूकधारी संघटनेचा पुढारी झाला. हाजीसाहेबांचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. तो १९९० मध्ये कुपवाड्याच्या बाजूने ताबारेषा ओलांडून बंदूक शिकायला गेला. वय एकोणीस. परत आला नाही. पत्र नाही, प्रेत नाही. आई तो येईल म्हणून मरेपर्यंत दाराला आतून कडी लावत नव्हती.

मी हे मांडतो ते बंदुकीची बाजू घ्यायला नाही. बंदुकीने आधी पंडितांचं घर मोडलं आणि मग काश्मिरी मुसलमानाचंच मोडलं. जेकेएलएफला दोन्ही देशांपासून वेगळं काश्मीर हवं होतं, हिजबुलला पाकिस्तानात जायचं होतं. पाकिस्तानने सुरुवातीला दोघांना हाताशी धरलं, पण वेगळं होऊ म्हणणारे त्यांना कधीच नको होते. थोड्याच वर्षांत पैसा आणि शस्त्रं हिजबुलकडे वळली, दोन्ही गटांची पोरं एकमेकांना मारू लागली. १९९४ मध्ये यासीन मलिकने शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. तोवर हाजीसाहेबांच्या भावासारखी हजारो पोरं मातीत गेली होती. पाकिस्तानी फौजेने ही पोरं वापरली, यात मला काडीचा संशय नाही. पण ती वापरायला सापडली कशी, हेही आपण आपल्याला विचारलं पाहिजे. मत मोजताना लबाडी झाली, आणि ती आपल्याच लोकशाहीत झाली. ज्याची पट्टी खोटी निघते त्याच्याकडे शेतकरी दुसऱ्यांदा माल घालत नाही.

आमच्या गावातले जुने लोक म्हणतात, काश्मीर म्हणजे दोन भावांचं बांधाचं भांडण. मीही असंच म्हणायचो. आमच्याकडे बांध कोरण्यावरून चाळीस-चाळीस वर्षं दावे चालतात, बापाची केस नातू चालवतो. पण मोजणी आणली, खुणा रोवल्या की संपतं. तिथे शेताला कोणी विचारत नाही, बाबा तू कोणाचं? काश्मीरच्या बाबतीत तेच झालं, फक्त ते शेत नव्हतं. २२ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानकडून टोळीवाले घुसले, २६ तारखेला महाराजा हरिसिंहांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली, २७ ला आपली फौज श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. कायद्याने काश्मीर भारताचं आहे, माझ्या मनात त्याबद्दल दुसरा विचार नाही. पुढे आपणच प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १३ ऑगस्ट १९४८ चा ठराव झाला : आधी युद्धबंदी, मग पाकिस्तानने फौज आणि टोळीवाले काढायचे, मग भारताने आपली बरीचशी फौज कमी करायची, मग लोकांना विचारायचं. पाकिस्तानने फौज काढली नाही, पुढचं काही झालं नाही. १ जानेवारी १९४९ ला युद्ध थांबलं तिथे रेघ पडली, १९७२ च्या सिमला करारानंतर तिचं नाव ताबारेषा झालं. तिसरा तुकडा अक्साई चीन, तो चीनकडे.

आणि जे पाकिस्तान सार्वमत सार्वमत म्हणून जगभर ओरडतं, त्याच्या ताब्यातल्या काश्मीरच्या १९७४ च्या घटनेत लिहून ठेवलं आहे की पाकिस्तानात विलीन होण्याच्या विचाराविरुद्ध कोणी प्रचार करायचा नाही. मे २०२४ मध्ये तिकडे मुझफ्फराबादकडे मोर्चे निघाले ते पिठाच्या आणि विजेच्या दरासाठी. त्यांच्यावरही गोळ्या चालल्या.

आमच्या खानदेशालाही सरहद्द आहे. १९६० साली महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकाच्या मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावं. पोरं मधे बसून फोटो काढतात. तिथल्या भिल्ल-गावित घरांच्या सोयरिकी दोन्हीकडे आहेत आणि कोणाला कोणी अडवत नाही. मी हाजीसाहेबांना तो फोटो पाठवला होता. त्यांनी विचारलं, तिथे शिपाई कुठे उभा असतो?

काही वर्षं त्यांच्याकडेही रेघ जरा सैल झाली होती. नोव्हेंबर २००३ ला ताबारेषेवर शस्त्रसंधी झाली, ७ एप्रिल २००५ ला श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली आणि ऑक्टोबर २००८ पासून उरी आणि पूंछवरून मालाची देवाणघेवाण. पैसे नाहीत, बँक नाही, नुसता मालाला माल. वीसेक जिन्नस ठरलेले, त्यात ताजी फळं होती. हाजीसाहेब सांगायचे, तुमची केळी सलामाबादच्या नाक्यावरून पलीकडे चकोठीला गेली, बदल्यात तिकडचा सुकामेवा आला. मला फार नवल वाटायचं. रावेर-यावलच्या विहिरीचं पाणी प्यालेलं केळं ज्या रेघेपलीकडे जातं, त्याच रेघेपलीकडे त्या घरचा भाऊ गेला होता. त्या व्यापारातून शस्त्रं आणि खोट्या नोटा येतात म्हणून सरकारने एप्रिल २०१९ मध्ये तो बंद केला. आलीही असतील. वाईट माणूस कोणताही रस्ता वापरतो.

२०१९ हे वर्ष आमच्या पेढीवर कोणी विसरणार नाही. १४ फेब्रुवारीला पुलवामाजवळ लेथपोऱ्याला सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातला एक आमच्या शेजारच्या मलकापूरचा. मी अंत्यसंस्काराला गेलो होतो. एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी एकत्र कधी पाहिली नव्हती. एप्रिलपासून लष्कराच्या ताफ्यांसाठी हायवे रविवारी आणि बुधवारी बाकीच्यांना बंद. पुढे रमजान, म्हणजे तिकडे केळीला उठाव, आणि आमच्या गाड्या उधमपूरला रांगेत पिकत उभ्या. नुकसान झालं, पण मलकापूर पाहून आल्यावर त्याबद्दल तोंड उघडायची कोणाची इच्छा नव्हती.

४ ऑगस्टच्या रविवारी रात्री हाजीसाहेबांचा फोन आला. माझी माय तेव्हा जळगावला दवाखान्यात होती. तिची आणि त्यांची भेट कधी झाली नाही, पण दर ऑक्टोबरात परतीच्या गाडीत ते तिच्यासाठी सफरचंदाची एक पेटी धाडायचे आणि ती जाणाऱ्या ड्रायव्हरजवळ ज्वारीचे बिबडे बांधून द्यायची. दात नव्हते तिला, सफरचंद किसून खायची. ‘‘तो सफरचंदवाला काय म्हने?’’ असं विचारायची. त्या रात्री त्यांनी आधी तिची चौकशी केली. मग म्हणाले, इथे काहीतरी होणार आहे, यात्रेकरूंना परत पाठवताहेत, पेट्रोलपंपावर रांगा आहेत. चार गाड्यांची पट्टी उद्या लिहवतो.

उद्या ५ ऑगस्ट. कलम ३७० गेलं, राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश करायचं ठरलं. आणि फोन लागेना. मोबाइल बंद, लँडलाइन बंद, इंटरनेट बंद. आमच्या चौकात फटाके वाजत होते. मी वाजवणाऱ्यांना दोष देत नाही, कित्येक घरांतली पोरं तिकडे पहाऱ्यावर आहेत, त्यांना वाटलं आता तरी मिटलं. पण मी पेढीवर बसून दिवसातून दहा वेळा तो नंबर लावत होतो आणि प्रत्येक वेळी तीच बाई तेच वाक्य बोलत होती. मालक विचारायचे, चार गाड्यांचं काय? मला पैशांची तेवढी काळजी नव्हती. मला वाटायचं, आपण ज्या माणसाला आपलं म्हणतो त्याला आजारी माणसासाठी गाडी बोलवायला तरी फोन चालू आहे का?

गणपती बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी माय गेली. गंधमुक्तीचा निरोप ज्यांना ज्यांना द्यायचा त्यांची यादी करायला बसलो तेव्हा त्यांचंही नाव लिहिलं. निरोप कसा द्यायचा? पत्र टाकलं. ते पोचलं नाही, की पोचलं तेव्हा उशीर झाला होता, हे पुढे कधी विचारलं नाही.

१४ ऑक्टोबरला सोमवारी दुपारी पोस्टपेड मोबाइल सुरू झाले. सत्तर दिवस झाले होते. साडेबाराला माझा फोन वाजला आणि पडद्यावर त्यांचं नाव. मी उचलला. दुसरीकडून आवाज आला, ‘‘दीवानजी, अम्मा कैसी हैं?’’

मला बोलता आलं नाही. त्यांना समजलं. बराच वेळ आम्ही दोघं नुसते फोन धरून बसलो. मग त्यांनी अरबीत काहीतरी म्हटलं, प्रार्थनेचं. आणि त्यानंतर म्हणाले, लिहून घ्या. चार गाड्यांची पट्टी. त्यांनी एकेक गाडी वाचून दाखवली : किती कॅरेट उतरले, कर्फ्यूमुळे मंडी उघडली नाही तेव्हा किती रात्री गल्लोगल्ली हातगाडीवर विकले, किती फेकले. आडत लावली नव्हती. पैसे बँक उघडली तसे महिन्याभरात आले, सगळे.

त्याच महिन्यात दुसरं घडलं. शोपियानमध्ये सफरचंद भरायला गेलेल्या बाहेरच्या राज्यांतल्या ट्रकचालकांना दहशतवादी गोळ्या घालू लागले. कारण एवढंच की व्यापार सुरळीत चालू आहे असं दिसू नये. २४ ऑक्टोबरला, आपल्याकडे विधानसभेचा निकाल लागला त्या दिवशी, आणखी दोघांना मारलं. सगळं गाव टीव्हीवर फेऱ्या मोजत होतं आणि खाली पट्टीवर ही बातमी सरकत होती. आमचा बऱ्हाणपूरचा ड्रायव्हर त्या दिवशी परिमपोऱ्याला गाडी खाली करून मोकळा झाला होता. परतीचा माल शोपियानला मिळत होता, भाडंही चढं होतं कारण कोणी जायला तयार नव्हतं. त्याचा फोन प्रीपेड, म्हणजे बंद. बायको माझ्या घरी येऊन बसली, सोबत लेकरू. दिवाळी तोंडावर.

रात्री नऊला हाजीसाहेबांचा फोन आला. ‘‘आपका लड़का मेरे घर में है. गाड़ी की चाबी मेरे पास है.’’ तो शोपियानला निघाला होता, त्यांनी चावी काढून घेतली. चार रात्री त्याला घरात ठेवलं. शेजारी कोणी विचारलं असतं तर काय झालं असतं, हे मला इथे बसून नीट समजणारही नाही. बाहेरच्याला आसरा देणारा म्हणून त्यांच्याच दारात बंदूक आली असती. पाचव्या दिवशी पहाटे स्वतः काझीगुंडपर्यंत त्याच्या गाडीपुढे आपली गाडी घालून सोडून आले. रविवारी लक्ष्मीपूजन झालं तेव्हा वहीवर हळदकुंकू वाहताना मी मायच्या फोटोनंतर पहिली आठवण त्या घराची काढली.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं होतं. तो राष्ट्रीय रायफल्समधून कुपवाड्याला राहून आला आहे. ८ जुलै २०१६ ला हिजबुलचा बुरहान वानी मारला गेला त्यानंतरचे महिने त्याने रस्त्यावर काढले. भुवईवर दगडाचा व्रण आहे, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला सोबती त्याने गमावला आहे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मामा, तुमचा हाजी भला असेल. पण रस्त्यात मला कोन भला अन् कोन नाही, ते कपाळावर लिहेल नसते.’’ मला उत्तर देता आलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात बंदूक देऊन आपण त्याला अशा गर्दीत उभं करतो जिथे त्याला सगळेच वैरी वाटतात आणि त्यांना तो. त्याच्या व्रणाची किंमत कमी करून मला हाजीसाहेबांची बाजू मांडायची नाही. दोघंही माझ्या घरचे आहेत.

सप्टेंबर २०२४ मध्ये हाजीसाहेबांनी मला एक फोटो पाठवला. बोटाला शाई. १९८७ नंतर त्यांनी पहिल्यांदा मत दिलं होतं. मी विचारलं, आता का? म्हणाले, ‘‘नातू म्हणाला, आजोबा चला. त्याला मी नाही म्हणालो तर त्याला कोणीतरी दुसरं काहीतरी सांगेल.’’ माझ्या मते काश्मीरच्या प्रश्नावर मी वाचलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा या वाक्यात जास्त आहे. आता राज्याचा दर्जा परत देऊ म्हणून जे कबूल केलं आहे ते दिलं पाहिजे. देणं असेल ते वेळेवर फेडावं. उशिरा फेडलेल्या पैशाला मान राहत नाही.

आता पुन्हा २३ एप्रिलवर येतो. दुपारी तीनला त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. मंडी बंद आहे म्हणाले. मला वाटलं कर्फ्यू. ‘‘नहीं. हमने ख़ुद बंद की है.’’ सगळं खोरं बंद होतं, मारणाऱ्यांच्या विरोधात. बैसरणमध्ये पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवालाही मेला होता. चाळीस वर्षं इथे बंद पाहिले, असा पहिलाच, ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘दीवानजी, आपके लोग बहुत ग़ुस्से में होंगे. गाड़ी वापस बुलानी हो तो बुला लो, नुक़सान मैं भरूँगा.’’

गाडी मी परत बोलावली नाही. मालकांना विचारलं, ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. शेजारच्या मुलाला मी एवढंच म्हणालो की आपण केळी बंद केली तर बंदूकवाल्याचं काही अडत नाही, तो केळी खाऊन लढत नाही. शोपियानला ड्रायव्हर मारले तेव्हा त्यांना हेच पाहिजे होतं, की तिकडून सफरचंद निघू नये आणि इकडून केळी जाऊ नये. तो म्हणाला, ‘‘आप्पा, पन मग राग कुठी काढायचा?’’ एकवीस वर्षांचा आहे. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

त्यानंतर ७ मेची रात्र, चार दिवस तोफा, पूंछमध्ये घरांवर पडलेले गोळे, १० मेची शस्त्रसंधी, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. भाच्याची सुट्टी रद्द झाली, ताई देवापुढून उठत नव्हती.

गाडीची पट्टी मेच्या मध्यावर आली. मंडी बंद, नंतर गिऱ्हाईक नाही, पर्यटक नाहीत, हॉटेलं रिकामी. माल बराच काळा पडला होता. तो जसा होता तसा लिहिला होता. आडतीच्या जागी रेघ होती. मी पट्टीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. दिवसभर कोणाचं काही नाही. अंगठा नाही, शिवी नाही.

रात्री साडेनऊला चिनावलच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. एप्रिलमधल्या त्या मेसेजवर अंगठा देणाऱ्यांत तोही होता. म्हणाला, ‘‘दिवाणजी, माझा बाग कटाईला आलेल आहे. श्रीनगरची गाडी कधी लागते?’’

मी त्याला गुरुवारची तारीख दिली.